फ्रॅकिंग आपल्याकडे का होत नाही?

अमेरिकेने जमिनीखालचा खडक फोडून वायू काढला आणि ऊर्जेच्या टंचाईतून स्वतःची सुटका करून घेतली, मग भारत तेच का करत नाही, असा प्रश्न मला लग्नकार्यांतही विचारला जातो. तेल-वायूच्या क्षेत्रात नोकरी केल्याचा हा परिणाम आहे. तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मुळात फ्रॅकिंग भारतात होते. राजस्थानात बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रात ज्वालामुखीजन्य घट्ट खडकात अडकलेला वायू याच तंत्राने बाहेर काढतात, आणि दगडी कोळशाच्या थरांमधला मिथेन मिळवण्यासाठीही थरांना अशाच भेगा पाडाव्या लागतात. पाणी, वाळू आणि थोडी रसायने प्रचंड दाबाने विहिरीत सोडायची, खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून वाळू आत राहू द्यायची, एवढेच हे तंत्र आहे. आपल्याकडे होत नाही ते शेल, म्हणजे चिखलगाळ दाबला जाऊन बनलेल्या पातळ थरांच्या खडकातून मोठ्या प्रमाणावर वायू काढणे.

प्रयत्न झालेच नाहीत, असेही नाही. जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ सुमारे १,७०० मीटर खोलीवर शेल वायू मिळाला, आणि २०१३ मध्ये केंद्राने सरकारी कंपन्यांसाठी शेल धोरण आणले. त्याच वर्षी अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने भारतातला काढता येण्याजोगा शेल वायू ९६ लाख कोटी घनफूट असल्याचा अंदाज दिला. सध्याच्या वापराने ही कागदावर चाळीसएक वर्षांची बेगमी होते; विहिरींतून मात्र व्यापारी उत्पादन म्हणावे असे काही आले नाही.

याचे कारण तंत्राच्या अभावात शोधू नये. खडकाला दाबाने भेगा पाडण्याचा प्रयोग अमेरिकेत कॅन्सस राज्यात १९४७ मध्येच झाला होता. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून विहिरी खोदल्या, तेव्हा कुठे १९९८ च्या सुमारास स्वस्तात वायू देणारी पद्धत हाती लागली. त्या काळात सरकारी संशोधन आणि करसवलत दोन्ही पाठीशी होते. पुढे आडव्या विहिरींची जोड मिळाली आणि उत्पादन झपाट्याने वाढले.

शेलच्या विहिरीचे उत्पादन मात्र पहिल्या वर्षातच निम्म्याहून अधिक घटते. उत्पादन नुसते टिकवायचे म्हटले तरी सतत नव्या विहिरी खोदत राहावे लागते, म्हणजे रिग (विहीर खोदण्याचे यंत्र), दाबाचे पंप, वाळूचे ट्रक, पाइपलाइन आणि मोकळी जमीन हे सारे हाताशी असावे लागते. अमेरिकेत जमिनीखालच्या खनिजाची मालकी बहुधा खासगी असते आणि मालकाला उत्पन्नातला वाटा मिळतो, त्यामुळे शेतकरी स्वतःच करारावर सही करतो. आपल्याकडे भूगर्भातले तेल आणि वायू सरकारचे. ज्याच्या दोन एकरांत रिग उभी राहायची, त्याला धूळ, आवाज आणि भरपाईचे हेलपाटे. त्याने विरोध केला तर त्याला विकासविरोधी कसे म्हणावे?

पाण्याचा हिशेबही याच जमिनीवर मांडायचा आहे. एका विहिरीला साधारण साठ लाखांपासून सहा कोटी लिटरपर्यंत पाणी लागू शकते, आणि आपले शेलचे पट्टे खंबायत, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदरच्या खोऱ्यांत, म्हणजे शेती आणि दाट वस्तीच्या प्रदेशांत आहेत. भूकंपाच्या भीतीबद्दल मात्र नेमकेपणाने बोलावे. ओक्लाहोमात २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला, तो भेगा पाडल्यामुळे नव्हे, तर उत्पादनाबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडल्यामुळे. इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये प्रेस्टन न्यू रोड येथे बसलेला २.९ तीव्रतेचा धक्का मात्र फ्रॅकिंगमुळेच होता, आणि त्यानंतर तिथे ते थांबवण्यात आले.

(या उद्योगाला आपण एक वस्तू मात्र भरभरून पुरवली. वाळू वाहून नेण्यासाठी पाणी घट्ट करायला गवारीच्या बियांचा डिंक लागतो आणि जगातली बहुतेक गवार भारतात, मुख्यतः राजस्थानात पिकते. २०१२ मध्ये तिचे भाव इतके भडकले की वायदे बाजारातील व्यवहार थांबवावे लागले.)

शिवाय, शेलचा वायू आपल्याकडे केव्हाच पोहोचला आहे. ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने अमेरिकेतल्या शेनियर कंपनीशी केलेल्या वीस वर्षांच्या करारातले पहिले जहाज ३० मार्च २०१८ रोजी आपल्या दाभोळला लागले. तिकडे स्वस्त असलेला हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात आणावा लागतो. करारात अमेरिकी बाजारभावाच्या ११५ टक्के आणि वर दर दहा लाख बीटीयूमागे (वायू मोजण्याचे उष्णतेचे एकक) सुमारे तीन डॉलर स्थिर आकार ठरला, जहाजाचे भाडे निराळे. त्या जेटीलगत सुमारे १,९६७ मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा आहे आणि तो वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा फारच कमी चालला, कारण आयात वायूची वीज घ्यायला ग्राहक सापडेना. देशातल्या इतर अनेक वायू-वीजकेंद्रांची हीच कथा आहे. आपली अडचण परवडणाऱ्या वायूची आहे, आणि शेलचा वायू परवडतो तो जिथे हजारो विहिरी झटपट आणि विनातंटा खोदता येतात तिथेच.

म्हणून बाडमेरच्या विरळ वस्तीत भेगा पाडत राहाव्यात आणि कोळशातल्या मिथेनवर जोर द्यावा, या मताचा मी आहे. खंबायत किंवा कावेरीच्या खोऱ्यात शेलसाठी पहिली विहीर खोदण्याआधी आसपासच्या सगळ्या विहिरी-बोअरच्या पाण्याची तपासणी करून नोंदी गावासमोर ठेवाव्यात, आणि वायूच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा त्या ग्रामपंचायतीला मिळेल असा कायदा आधी करावा.