दाखवायचंच नाही, त्याची शस्त्रं कशी काढायची?

जो देश शस्त्रं दाखवायलाच तयार नाही त्याची ती कशी काढून घ्यायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. भुसावळ-वरणगाव पट्ट्यात दोन आयुध निर्माण्या, त्यामुळे इथले लोक हा प्रश्न थेट गोदामापासूनच सुरू करतात: "भो, ज्याला दाखवायचंच नाही त्याच्याकडे जाऊन युनोचे निरीक्षक करणार काय?"

पुष्कळ करतात. शस्त्रं सापडतात, नष्टही होतात. पण 'आता काहीच उरलेलं नाही' असा दाखला त्यांना देता येत नाही, आणि भांडण नेमकं त्या दाखल्यावरून पेटतं.

निरीक्षक कुलपं तोडत फिरतात अशी समजूत आहे. खरं काम हिशेब जुळवण्याचं. जिनिंगवाल्याला हे लगेच कळेल: शंभर किलो कापसातून ३३-३५ किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. खरेदीच्या पावत्या शंभर क्विंटलच्या आणि रुई वीसच क्विंटल दाखवली, तर गोदाम न उघडताही चोरी दिसते. इराकचा जैविक शस्त्रांचा कार्यक्रम असाच उघडा पडला. जिवाणू वाढवायला लागणारं खाद्य इराकने १९८८ मध्ये सुमारे ३९ टन मागवलं होतं. देशभरच्या दवाखान्यांची गरज वर्षाला २०० किलोसुद्धा नव्हती. शिवाय दवाखाने लहान डबे घेतात. हा माल २५ ते १०० किलोच्या पिंपांतून आला होता. परदेशी पुरवठादारांच्या कागदांवरून अन्स्कॉमने, म्हणजे युनोच्या तपास आयोगाने, हिशेब मांडला तेव्हा सुमारे १७ टनांचा पत्ता लागेना. जुलै १९९५ मध्ये इराकने जैविक घटक, म्हणजे शस्त्रांसाठीचे रोगजंतू आणि विषं, बनवल्याचं कबूल केलं. पुढच्या महिन्यात सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला, मग ते बॉम्बमध्ये भरल्याचंही बाहेर आलं. जनावरांच्या खाद्याचा म्हणून दाखवलेला अल हकम कारखाना १९९६ मध्ये स्फोटकं लावून पाडला.

दुसरं हत्यार म्हणजे नमुने. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे लोक भिंतीवर, यंत्रावर सुती कापडाचा चौकोनी तुकडा फिरवतात, दुहेरी पिशवीत सील करतात आणि सांकेतिक क्रमांक देऊन प्रयोगशाळांकडे धाडतात, म्हणजे नमुना कुठला हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. उत्तर कोरियाने १९९२ मध्ये सांगितलं, आम्ही एकदाच, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम (अणुबॉम्बला लागणारं द्रव्य) वेगळं केलंय. प्लुटोनियममधून हळूहळू अमेरिसियम नावाचं दुसरं मूलद्रव्य तयार होतं, त्याच्या प्रमाणावरून प्लुटोनियम कधी वेगळं केलं ते निघतं. नमुन्यांत एकच वय यायला हवं होतं, निरनिराळी आली. खोटं पकडलं गेलं. पण कचऱ्याच्या दोन संशयित जागा पाहू द्या म्हटल्यावर प्याँगयांगने दार लावून घेतलं, डिसेंबर २००२ मध्ये निरीक्षकांना हाकललं आणि २००६ मध्ये अणुचाचणी केली. पकडणं प्रयोगशाळेला जमतं. दार उघडायला लावणं तिच्या हातात नाही.

ते सुरक्षा परिषदेच्या हातात असतं. इराकची तेलविक्री परिषदेने १९९१ च्या आखाती युद्धानंतर ठराव ६८७ ने शस्त्रं सोडण्याशी बांधली होती, म्हणून कुरकुरत का होईना ६९० टन रासायनिक घटक, ३,००० टनांहून अधिक कच्ची रसायनं आणि ४८ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. मग १९९७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री ऑल्ब्राइट यांनी सूचित केलं की सद्दाम आहे तोवर निर्बंध राहतील. मग त्याने सहकार्य करायचं कशासाठी? आणि निरीक्षकांच्या आडून अमेरिकेने हेरगिरी केल्याचं १९९९ मध्ये उघड झालं, तेव्हा अन्स्कॉमची उरलीसुरली पतही गेली. माझ्या मते सद्दामच्या लपवालपवीइतकंच नुकसान या दोन गोष्टींनी केलं.

एक गुंता मात्र इराकने स्वतः करून ठेवला होता. १९९१ च्या उन्हाळ्यात त्याने बराच साठा गुपचूप, साक्षीदाराविना आणि धड नोंदी न ठेवता नष्ट केला. आयुध निर्माणीत लॉट नंबर लिहिण्यात नोकरी घातलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. माल खरंच नष्ट झालेला, पण नोंदवहीत तो 'बेपत्ता'. २००२-०३ मध्ये युनोचे मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्स यांच्या पथकाने १५० किलोमीटर पल्ल्याची मर्यादा ओलांडणारी सुमारे ७० अल समूद क्षेपणास्त्रं चिरडून टाकली. तरी बेपत्ता आकडे तसेच राहिले आणि २००३ मध्ये इराकवरच्या युद्धासाठी तेच पुढे केले गेले. नंतर अमेरिकेच्याच शोधपथकाला साठे सापडले नाहीत.

सीरियात चूक उलट्या बाजूने झाली. २०१३ मध्ये असद सरकारने सुमारे १,३०० टन रसायनं जाहीर केली. ती देशाबाहेर काढली, त्यातली सर्वांत धोकादायक अमेरिकेच्या 'केप रे' जहाजावर पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरून निकामी केली. जाहीर केलेलं गेलं. तरीही एप्रिल २०१७ मध्ये सीरियातल्याच खान शेखून गावात सरीन हे जीवघेणं रासायनिक अस्त्र पडलं, कारण यादी सरकारनेच लिहिलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाल्यावर, पुढच्या मार्चमध्ये रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचं पथक दमास्कसला गेलं. त्या यादीत कधीच नसलेल्या संशयित जागा शंभराहून जास्त आहेत, असा संघटनेचा अंदाज आहे.