माकूल उघडताना: नर कुठला, मादी कुठली आणि फलन नेमकं कुठे

कराडात ताजं माकूल (स्क्विड) येतं ते चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून, बर्फात. प्रॅक्टिकलसाठी घेताना मी आधीच सांगतो, "मामा, साफ करू नका, मुंडी ओढू नका." मुंडीबरोबर आतलं सगळं निघून येतं आणि हातात रिकामी नळी उरते. गोठवलेला माल नकोच, वितळला की ग्रंथींचा लगदा होतो. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे हे प्रॅक्टिकल दिवाळीनंतर.

कात्री लावण्याआधी हात बघायचे. आठ आखूड, दोन लांब. नराच्या पोटाकडच्या डाव्या हातावर टोकाच्या निम्म्या भागात नीट चूषकं नसतात, मांसल दाते असतात. हा हेक्टोकोटिलस. शुक्राणूंच्या नळ्या, म्हणजे स्पर्मॅटोफोर, नर याच हाताने मादीला देतो.

मग माकूल उताणं, डोकं वरच्या बाजूला, नरसाळं (डोक्याखालची नळी) आपल्याकडे. कात्रीचं बोथट टोक आत, पातं उचलून धरायचं, नाहीतर शाईची पिशवी फुटते आणि ट्रे काळा होतो. धुवायला नळाचं पाणी वापरू नये. त्यात स्पर्मॅटोफोर फुगून आपोआप फुटतात. लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेलं पाणी घ्यावं.

समोरच दोन मोठ्या पांढऱ्या लांबट ग्रंथी दिसल्या तर मादी. या निडामेंटल ग्रंथी, अंड्यांवरचं आवरण बनवणाऱ्या. त्यांच्या पुढच्या छोट्या जोडीवर लाल-नारिंगी छटा असेल तर मादी पिकलेली. तो रंग आतल्या जिवाणूंमुळे येतो. ग्रंथी उचलल्या की शेपटीकडे अंडाशय.

नरात शेपटीकडे पांढरट वृषण आणि डाव्या अंगाला नीडहॅमची पिशवी, स्पर्मॅटोफोर साठवायची. डावं म्हणजे प्राण्याचं डावं, आपलं उजवं. इथे दरवर्षी अर्धा वर्ग चुकतो. पिशवी फाडली की शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखं स्पर्मॅटोफोरचं जुडगं निघतं. त्यातला एक वेगळा करून काचपट्टीवर घ्यायचा आणि टोकाचा धागा सुईने हलकेच ओढायचा. माल ताजा असेल तर नळी आतून बाहेर उलटते आणि शुक्राणूंचा गठ्ठा फेकला जातो. त्याच्या बुडाशी चिकट पदार्थ असतो, म्हणून तो मादीला चिकटून राहतो.

मादीच्या तोंडाखालच्या पडद्यावर पोटाच्या बाजूला पांढरा ठिपका शोधा. ती शुक्राणू साठवायची पिशवी. दाबून काढलेला थेंब 400 पट मोठा करून पाहिला की शुक्राणू दिसतात, अर्थात निपचित.

जर्नलात मुलं "अंतर्गत फलन" लिहून मोकळी होतात, पण ते इतकं सरळ नाही. अंडी अंडनलिकेतून येताना त्यांच्यावर जेली चढते. निडामेंटल ग्रंथी वरचं आवरण देतात आणि नरसाळ्यातून ती हातांमध्ये येतात. तोंडाखाली साठवलेले शुक्राणू तिथे त्यांना गाठतात, म्हणजे फलन शरीराबाहेर. नराने नळ्या आत, अंडनलिकेच्या तोंडाशी चिकटवल्या असतील तर मात्र फलन मादीच्या अंगाच्या नळीच्या (मँटलच्या) पोकळीत होतं. दोन्ही वेळा शुक्राणू अंड्यात शिरतो तो मायक्रोपाइल या बारीक छिद्रातून.

नमुना ठेवायचा तर एक भाग फॉर्मालिन, नऊ भाग मिठाचं पाणी. आणि खिडक्या उघड्या.