ग्रेट्झ्कीच्या पहिल्या कार्डाची पारख: माझा अनुभव

आम्ही कॅनडात मिसिसागा येथे राहतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी घर विकायचे ठरवले, तेव्हा तळघरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असलेली, त्यांच्या मुलाने शाळेत असताना जमवलेली आइस हॉकीची कार्डे पाहून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. त्या डब्यात विख्यात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीचे १८ क्रमांकाचे, निळ्या किनारीचे कार्ड निघाले. एडमंटन ऑइलर्स या संघाच्या गणवेशातील तो कोवळा चेहरा मी लगेच ओळखला. मात्र कार्ड अस्सल आहे याची खात्री होण्यास चार महिने लागले.

या कार्डाच्या बनावट प्रती फार आहेत. कार्डाच्या स्थितीसाठी दहापैकी दहा गुण मिळालेली त्याची एक प्रत २०२१ मध्ये ३७.५ लाख अमेरिकी डॉलरना विकली गेली, म्हणून संशय आधी घ्यावा लागतो. १९७९-८० च्या हंगामात हे कार्ड अमेरिकेसाठी टॉप्सने आणि कॅनडासाठी ओंटारियोतील लंडन शहराच्या ओ-पी-ची कंपनीने काढले होते. आमच्या कार्डाच्या पाठीवर इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर होता, त्यामुळे ते ओ-पी-चीचे, म्हणजे अधिक मोलाचे, असावे असे दिसत होते.

पहिल्या दुकानदाराने मात्र कडा पाहताच, कोणीतरी हे हाताने कापले आहे, असे सांगून ते परत केले. मी फार निराश झालो. पुढे वाचताना कळले की ओ-पी-चीचे ताव तारेने कापले जात आणि म्हणून त्यांच्या कडा खरबरीत राहत. मग मी डब्यातील त्याच वर्षाची, बाजारात फारशी किंमत नसलेली इतर कार्डे काढली आणि प्रत्येकाची कड, पुठ्ठ्याची जाडी व पाठीचा रंग ग्रेट्झ्कीच्या कार्डाशी ताडून पाहिला. भिंगाखाली काळी अक्षरे सलग शाईची दिसली. छापील कार्डाचे छायाचित्र घेऊन केलेल्या नकलेत तीच अक्षरे बारीक ठिपक्यांत फुटतात. ही साधी कार्डे कोणी आधीच टाकून दिली असती, तर माझ्याजवळ तुलनेला काहीच उरले नसते.

या काळात त्या खेळाडूबद्दलही पुष्कळ वाचले. संग्राहक या कार्डाला त्याचे ‘रूकी कार्ड’, म्हणजे नवोदित असतानाचे कार्ड, म्हणतात. पण एनएचएल या आइस हॉकीच्या मुख्य लीगने त्याला नवोदित मानलेच नाही, कारण १९७८-७९ मध्ये तो डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळून ११० गुण मिळवून आला होता. त्यामुळे सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्याला मिळू शकला नाही. एनएचएलमधील त्याच पहिल्या हंगामात ५१ गोल आणि ८६ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला केलेले साहाय्य) अशा १३७ गुणांसह त्याने मार्सेल डिऑन या खेळाडूशी बरोबरी केली. डिऑनचे गोल दोनने अधिक असल्याने गुणांचा करंडक त्याला गेला, तर सर्वात मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक ग्रेट्झ्कीला मिळाला. एकोणीस वर्षांच्या मुलाची ही कामगिरी मला आजही थक्क करते.

शेवटी शेजाऱ्यांच्या संमतीने कार्ड श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेकडे पाठवले. आधी पातळ पिशवीत, मग अर्धकडक आवरणात ते ठेवले, अर्जात अंदाजे किंमत लिहिली आणि टपालाचा विमा उतरवला. हे सर्व एका संध्याकाळी आटोपले, प्रतीक्षा मात्र लांबली. कार्ड पारदर्शक पेटीत बंद होऊन परतले, तेव्हा त्यावर अस्सल असल्याची नोंद आणि दहापैकी पाच अशी श्रेणी होती. दोन कोपऱ्यांवरची निळी शाई उडाली होती, आणि या कार्डाच्या गडद किनारीवर असा टवका चटकन दिसतो.

शेजाऱ्यांनी ते विकले नाही. ते एडमंटनला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा माझ्या आग्रहावरून त्यांनी बिस्किटांचा तो डबाही, आतल्या सगळ्या कार्डांसकट, सोबत नेला.