केटलबेल सर्टिफिकेशन: सहाय्यक म्हणून तीन दिवस

दोन वर्षांपूर्वी केटलबेलच्या (वर पकडायला हँडल असलेला लोखंडी गोळा) ज्या कोर्सला घाम गाळून सर्टिफिकेट मिळवलं होतं, त्याच कोर्सला यंदा सहाय्यक प्रशिक्षक म्हणून गेले. शुक्रवार ते रविवार. परतताना आवाज पार बसला होता आणि पोटऱ्या भरून आल्या होत्या. गंमत म्हणजे तीन दिवसांत मी स्वतः केटलबेल अशी फारशी उचललीच नव्हती! पुढे कुणाला हे काम करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे, आदल्या दिवशी दुपारीच पोचा. सहाय्यकाचा कोर्स गुरुवारी संध्याकाळीच सुरू होतो. केटलबेल वजनाप्रमाणे रांगेत लावायच्या (१६, २४ आणि ३२ किलोचे आकडे रशियन ‘पूद’वरून आलेत, एक पूद म्हणजे साधारण १६.३८ किलो), मग प्रत्येक हँडलवरून बोट फिरवून बघायचं. एका २४ किलोवालीच्या हँडलला आतल्या बाजूने बारीक कच लागली. पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासली. ती तशीच राहिली असती तर शनिवारी कुणाचा तरी तळहात फाटलाच असता.

शुक्रवार सगळा स्विंगचा, म्हणजे केटलबेल पायांमधून मागे नेऊन कमरेच्या झटक्याने पुढे झुलवायची. माझ्या गटात एक धिप्पाड गृहस्थ होते. कमरेतून मागे जायचं सोडून ते सरळ खाली बसत होते, आणि केटलबेल गुडघ्यांच्या खाली लोंबत जात होती. मी उत्साहात सुरू झाले: “सर, टाचा दाबा, मान सरळ, श्वास वर येताना सोडा, गुडघे कमी...” ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पुढचा स्विंग आधीपेक्षा वाईट मारला. गटप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. “अगं, एका वेळी एकच सांग. आणि सांगून झालं की पाच स्विंग तोंड बंद ठेव.”

मग केटलबेल बाजूला ठेवली. त्यांना भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं केलं आणि म्हटलं, गुडघे जेमतेम वाकवून ढुंगणाने भिंतीला टेका. जमलं. अर्धं पाऊल पुढे, पुन्हा टेका. तिसऱ्या वेळी भिंत गाठायला त्यांना खरोखर मागे जावं लागलं, आणि मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या तसं ते म्हणाले, “हां, हे इथे लागतंय होय!” त्यानंतर स्विंगबद्दल मला त्यांना काही सांगावं लागलं नाही. तीन दिवसांतलं माझं सगळ्यात चांगलं काम ते, आणि त्यात मी बोलले जेमतेम दोन वाक्यं.

प्रमुख प्रशिक्षक जो शब्द वापरतील तोच आपण वापरायचा, हेही त्याच दिवशी कळलं. आपल्याकडे त्याहून भारी उपमा असेलही, ती खिशात ठेवा. शिकणाऱ्याच्या डोक्यात एकाच गोष्टीची दोन नावं गेली की तो हालचाल सोडून शब्दांचा अर्थ लावत बसतो.

उभं कुठे राहायचं याचा विचार मी आधी कधी केलाच नव्हता. स्विंग आणि स्नॅचला (केटलबेल एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायची) समोर नाही, मागेही नाही. हातातून सुटलेली केटलबेल त्याच दिशांना जाते. बाजूला, चार पावलं लांब राहिलं की खुबा, गुडघा आणि पाठ एका नजरेत दिसतात. गेट-अप (वजन एका हाताने वर धरून आडव्याचं उभं राहायचं) आधी मुठीवर बूट ठेवून करून घ्या. बूट पडला की मनगट कुठे ढिलं पडलं हे त्यांना आपोआप कळतं. हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारा, दर वेळी, ओळख झाली असली तरी.

आता स्नॅच टेस्ट. पाच मिनिटांत शंभर, म्हणजे दर तीन सेकंदांना एक. रूढ निकषात बहुतेक पुरुषांना २४ आणि बायकांना १६ किलो. कोपर पूर्ण सरळ, केटलबेल डोक्यावर क्षणभर स्थिर, तरच मोजायचं. पहिल्या मुलीच्या वेळी मी “चल, चल, जमतंय!” असं ओरडण्यात इतकी रंगले की साठीच्या पुढे आकडाच विसरले. नशीब, गटप्रमुख शेजारी उभे राहून मनात मोजत होते. माझ्या चुकीने तिची टेस्ट फुकट गेली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पुढच्या मुलीच्या वेळी फक्त आकडे म्हटले. एकाहत्तरला कोपर वाकलेलं राहिलं, तेव्हा पुढच्या स्नॅचलाही “एकाहत्तर” एवढंच म्हटलं, त्याच सुरात. तिने ऐकलं, आणि बहात्तरला हात असा ठणठणीत सरळ केला की विचारू नका. ओरडायचं काम बाकीचा गट करतोच.

सामानात सपाट तळव्याचे बूट, चिकटपट्टी, कात्री आणि वजरी. हो, टाचा घासायची वजरीच. रोज रात्री घट्टे घासून सपाट करायला सांगा, कारण उंचवटा राहिला की तोच हँडलखाली दुमडतो आणि सोलला जातो. चॉक (पकड घसरू नये म्हणून हाताला लावायची पूड) जपून. आणि सुट्टीच्या वेळात आपली जड केटलबेल काढून कसरती दाखवू नका. आमच्यातल्या एकाने दाखवल्या. दुपारपर्यंत त्याच्या गटातली दोन पोरं झेपत नसलेलं वजन धरून बसली होती.

निकाल प्रमुखच सांगतात, तोवर आपला चेहरा कोरा ठेवायचा. जे पास व्हायचे राहिले त्यांना मी चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून दिली, पुढचे काही आठवडे काय करायचं ती. सांगितलेलं त्या क्षणी कुणाच्या कानात शिरत नाही.

परतीचं तिकीट सोमवारचं काढा. मी रविवार रात्रीचं काढलं होतं. सगळे फोटो काढून गेल्यावर केटलबेल मोजून, पुसून गाडीत चढवायच्या असतात, आणि त्या दिवशी एक बारा किलोची सापडत नव्हती. शेवटी दार उघडं राहावं म्हणून कुणीतरी तिचीच उटी लावलेली निघाली. गाडी चुकली ती चुकलीच.