रेघ नसताना दिसलेली ओळ

आज सकाळी आईने दारात रांगोळीचे ठिपके मांडले. अजून एकही रेघ ओढली नव्हती. शेजारची सहा वर्षांची चिमुरडी म्हणाली, "आजी, ओळी किती सरळ आल्यात!" मी तिथेच थबकले. ओळी होत्याच कुठे? जवळजवळचे ठिपके तिच्या नजरेनेच जोडले होते. नजरेची ही सवय माक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली नियमांत मांडली, तीही ठिपक्यांचीच चित्रं काढून!

दुपारी कामावर फोटोतली पानं मोजणारं संगणकाचं मॉडेल तपासत होते. एका पानावरून देठ आडवा गेला होता. मॉडेलने दोन पानं मोजली. मला मात्र देठामागून सलग गेलेलं एकच पान दिसत होतं, क्षणभरही विचार न करता.

मग तो जुना प्रयोग आठवला. मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला, तर माणसं मांजर म्हणतात आणि नेहमीच्या फोटोंवर शिकलेलं नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून ओळखायला शिकणारा संगणकाचा प्रोग्राम, हत्ती म्हणतं. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी मग त्याच फोटोंचे पोत चित्रकारांच्या शैलींनी बदलून नेटवर्कला पुन्हा शिकवलं, तेव्हा ते आकाराकडे जास्त पाहू लागलं. म्हणजे पाहणं शिकवता येतं, पण त्यासाठी उदाहरणं नीट निवडावी लागतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

उद्यापासून अर्धवट झाकलेल्या पानांचे फोटो वेगळे जमवणार आहे. संध्याकाळी घरी आले तेव्हा रांगोळी पुसट झाली होती, तरी कमळ पूर्ण दिसत होतं.