चिंगी अपडेट: दहावा पोल का सुटत होता ते अखेर सापडलं

मंडळी, माझ्या कारवानी (शिकारी जातीच्या) कुत्रीने, चिंगीने, परवा सकाळी अ‍ॅजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचे, बारा पोल सलग काढले; एका रेषेतल्या उभ्या खांबांमधून नागमोडी विणत जायचं असतं. वाट दाखवणाऱ्या तारा नाहीत, चॅनेल (पोलच्या दोन रांगा, मध्ये गल्ली) नाही, टनेलमधून सुसाट येऊन थेट एंट्री, आणि मी तिच्या पुढे पळत असताना. शेवटचा पोल पार झाला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या प्लॉटवरचे गवंडी काम थांबवून बघायला लागले. बक्षीस म्हणून कलेजीचा अख्खा डबा तिच्यापुढे धरला, पाच मिनिटं टॉवेलची ओढाताण केली आणि तिथेच सेशन संपवलं.

आमची रड ज्यांनी वाचली आहे त्यांना पार्श्वभूमी सांगायला नको. एंट्री पक्की. कुठल्याही कोनातून सोडा, पहिला पोल डाव्या खांद्याशीच घेणार. नवव्यापर्यंत अशी लय की बघत राहावं, आणि दहाव्याला बाहेर. अधूनमधून नाही, हटकून. स्पर्धेत बाहेर पडलं की ५ फॉल्ट, आणि दुरुस्त न करता पुढचा अडथळा घेतला तर सरळ बाद. म्हणजे बाकी कोर्स सोन्यासारखा पळूनही हाती भोपळा.

दहाव्याला फुटणं हा तसा जगभरचा रोग. शेवट जवळ आला की कुत्र्याला पुढचा अडथळा दिसतो, हँडलरही (कुत्र्याबरोबर पळणारा) नकळत वेग घेतो, आणि गाडी रुळावरून उतरते. त्यामुळे तुम्ही सगळ्यांनी सांगितलेले उपाय मी इमानेइतबारे केले. मागे राहिले, पुढे पळाले, पुतळ्यासारखी उभी राहिले, बाजू बदलली, बक्षीस बाराव्याच्या बरंच पुढे ठेवलं, शेवटच्या चार पोलना तारा लावल्या. तारा असल्या की आत राहायची, पण अंग चोरून. तारा काढल्या की परत बाहेर.

एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला होता, “कारवानी आहे, ससा दाखवा, पोल सोडा.” कारवान म्हणा की मुधोळ, तो वाद इथे नको. पण या कुत्र्यांना टपालखात्याने २००५ साली तिकिटावर बसवलं, लष्कराने २०१६ मध्ये पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली, आणि आपल्यातले काहीजण अजून “हाऊंडला डोकं नसतं” यावरच अडलेत. डोकं असतं. कॉलीसारखं प्रत्येक गोष्टीला ‘हो ताई’ म्हणत नाही एवढंच.

दुखतंय का, ही शंका आधी काढून टाकली. आमच्या डॉक्टरांनी पाठ, मांडीचा आतला स्नायू, मागचे दोन्ही गुडघे नीट दाबून, वाकवून बघितले. काही नाही. फक्त मागच्या उजव्या पायाचं बाहेरचं नख एका बाजूने घासलेलं दिसलं. “मुरमावर पळते ना, होतं,” म्हणाले. मीही मान डोलावली.

मग एक दिवस पोल होते तसेच ठेवून तिला उलट्या टोकाने आणलं. आणि बाई तिसऱ्याला बाहेर! तिकडून तिसरा म्हणजे इकडून दहावा. तोच पोल. म्हणजे शेवट जवळ आल्याची घाई, माझा वेग, पुढचं टनेल, हे सगळं एका झटक्यात बाद. तिला आकड्याशी देणंघेणं नव्हतं, त्या जागेशी होतं.

पहिला संशय जमिनीवर. सोलापुरात होटगी रोडकडचा आमचा प्लॉट म्हणजे काळ्या मातीवर मुरमाचा थर. पावसाळ्यानंतर काळी माती कुठे फुगते, कुठे भेगाळते, नेम नाही. ज्वारीची धसकटंही एखादं कुठून तरी डोकं वर काढतं. म्हणून पोल ज्यांवर बसवलेत त्या दोन्ही लोखंडी पट्ट्या उचलून कंपाउंडच्या बाजूला नेल्या, जागा पहारीने ठोकून सपाट केली. परत तोच पोल. जमीन निर्दोष सुटली.

आता खरी गंमत. आमच्या अण्णांचा पॉम, लाडू, त्याच पोलमधून डोळे मिटून जातो. मग लोखंडात खोट असती तर लाडूला का नाही? याचं उत्तर व्हिडिओत मिळालं. मोबाइल जमिनीला टेकवून, दहाव्या पोलच्या समोर, स्लो-मोशनवर. लाडू पुढचे दोन्ही पाय जुळवून उड्या मारत जातो, त्याचे पाय दोन पोलच्या मधल्या फटीत पडतात. चिंगीचं तसं नाही. ती एकेरी पावलाने विणते, पोलागणिक एक पाऊल, आणि ते पाऊल पोलच्या बाहेरच्या अंगाला, बरंच लांब पडतं. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. नववा, सुरेख. दहाव्याला मागचा उजवा पाय खाली येतो, मुरमाचा थोडासा धुरळा उडतो, बोटं फाकतात, आणि पंजा काहीतरी टोकदार टोचल्यासारखा अर्ध्यातच वर उचलला जातो. पुढच्या फ्रेममध्ये खांदा बाहेर.

तिथला मुरूम हाताने बाजूला केला. खाली पट्टीचा आडवा पाय. आमच्या सेटला सहा-सहा पोलच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीला तीन आडवे पाय, एरवी सगळे चपट्या पट्टीचे. हा एकच एक इंची अँगलचा (एल आकाराच्या लोखंडाचा), आणि अँगलची एक बाजू उभी! मुरमाखाली ती धार झाकलेली, वरून कुणाला दिसणार नाही अशी.

वेल्डरमामांना फोन लावला. शांतपणे म्हणाले, “ताई, पट्टी संपली होती त्या दिवशी. अँगल टाकला. डबल मजबूत झालं की ओ.”

मजबूत झालं हे खरंच आहे, त्यांच्याशी काय भांडणार. पण एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या) अ‍ॅजिलिटी नियमावलीत नेमकं हेच लिहिलंय: पोलमधलं अंतर ६० सेंमी, खालची पट्टी जाडीला जास्तीत जास्त ०.८ सेंमी आणि रुंदीला १० सेंमी, आणि आधाराचे पाय कुत्र्याचं पाऊल जिथे पडतं तिथे नकोत. अंतराची काळजी आपण सगळेच टेप लावून घेतो. या शेवटच्या ओळीकडे कुणी बघत नाही. जे गावातून सेट बनवून घेतात त्यांनी आजच खाली वाकून बघा. लहान कुत्री असतील तर कदाचित कधीच कळणार नाही. मोठ्या, लांब पायाच्या कुत्र्याला कळतं, आणि तो बोलत नाही.

मामांनी ग्राइंडरने सगळेच आडवे पाय उडवले. त्यांचीच कल्पना: पायच नकोत, पट्टीला मधोमध भोकं पाडू आणि मंडपवाले वापरतात तसे खिळे, पण चपट्या डोक्याचे, जमिनीशी सपाट ठोकू. झकास जमलंय. पोल प्लंबिंगच्या एक इंची पाइपचे आहेत, तेच ठेवले. वायरिंगच्या पाइपचे पोल स्वस्त पडतात, पण ते लपलपतात आणि परत येऊन कुत्र्याच्या तोंडावर बसतात, त्या वाटेला जाऊ नका. लाल टेप काढून निळी लावली. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल मातकट दिसतो. दुकानवाला विचारत होता, ताई, शोभा कशाला घालवता.

लोखंड गेलं म्हणजे प्रश्न संपला असं वाटत असेल तर कारवानी पाळून बघा. अँगल नसलेल्या त्या जागी पोचली की पाय वर धरायची आणि बाहेर. एकदा टोचलेली जागा ही मंडळी विसरत नाहीत. मग पट्ट्या गुंडाळल्या. पहारीने भोकं पाडून पोल थेट जमिनीत रोवले, विषम एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, मध्ये हातभर मोकळी गल्ली. दोन-दोन पोलनी शिकवायच्या टू-बाय-टू पद्धतीचे भक्त नाक मुरडतील, पण मला एंट्री शिकवायची नव्हतीच, ती तिला येते. मला फक्त सरळ पळताना तिच्या पायांखाली काही होत नाही हे पटवायचं होतं, आणि त्याला चॅनेलसारखं काही नाही. गल्ली रोज थोडी थोडी मिटवत आणली. सगळे पोल एका रेषेत आले तेव्हा पट्टी परत खाली सरकवली. परवाची सकाळ त्यानंतरची.

आता पुढचं. डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलेलं आहे, आणि तिथे सेट दुसऱ्याचा. त्याचे पाय कुठे असतील कोण जाणे. म्हणून पायाखाली वेगळं काही लागलं तरी लय मोडू नये असा सराव हवा. बेत असा होता की एमआयडीसीतून किलोवर आणलेले सेकंडचे टॉवेल फाडून त्यांच्या पट्ट्या पोलच्या बाजूला अंथरायच्या. टेरीचा टॉवेल ही सोलापूरकरांवर देवाची कृपा आहे. ओढायला मऊ, दाताला लागत नाही, भिजवून अंगावर फिरवला की कुत्रा गार. ऑनलाइन टगला (ओढायच्या खेळण्याला) एवढे पैसे का मोजता तुम्ही लोक?

पण थांबा, हे लिहिता लिहिता लक्षात आलं की डॉग वॉकच्या (उंच, अरुंद फळीच्या अडथळ्याच्या) टोकाला टू-ऑन-टू-ऑफचं (मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर असं थांबण्याचं) टार्गेट म्हणून मी तोच टॉवेल वापरते. पोलमध्ये टॉवेल दिसला की ही बया दोन पाय त्यावर ठेवून पुतळा होणार, आणि वर शाबासकीची वाट बघणार. टॉवेल रद्द. घरातल्या जुन्या चादरीच्या पट्ट्या कापाव्यात तर चादरीवर ती झोपते. उरली ट्रकची ट्यूब. उद्या पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणते, हातभर लांबीचे सपाट तुकडे करते, रोज वेगळ्या पोलशेजारी टाकते. आधी नुसतं चालत, मग पळत.

डॉग वॉकचं थोडक्यात: टार्गेट निम्म्यावर दुमडलंय, तरी थांबते. उतरताना उडी मारणं बंद. मागच्या पायांसाठी जमिनीवर ठेवलेल्या शिडीतून चालणं आणि उलटं चालणं रोज चालू आहे, कडक भाकरीच्या तुकड्यावर. मोठं बक्षीस तिथे वाया घालवत नाही. ऑक्टोबरची ऊन्हं मात्र वाईट. सात वाजून गेले की पोल नाहीत, असा नियम केलाय. हाताची मागची बाजू जमिनीवर ठेवून चटका बसतो का बघते, आणि अंगात चरबी नसलेल्या या कुत्र्यांची जीभ बाजूने लांब, रुंद लोंबायला लागली की सेशन तिथेच थांबवते. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे भिजवायचा टॉवेल घरूनच बादलीतून नेते.

पुण्याला जाणाऱ्यांपैकी कुणाच्या गाडीत मागे जागा आहे का, कळवा. चिंगी क्रेटमध्ये गपगार बसते. अण्णा आणि लाडूही येणार म्हणतात, लाडूबद्दल तशी हमी देता येत नाही.