तुम्ही विचारलंत म्हणून: शत्रू आपला डाव येईपर्यंत थांबतो कसा?

रात्री माझ्या संगणकावर 'बाल्डर्स गेट ३' चालू असताना मागे येऊन उभा राहणारा जवळपास प्रत्येक जण थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारतो. तलवारी उपसलेल्या आहेत, जमिनीवर आग पसरली आहे, समोर अक्राळविक्राळ प्राणी आहे, आणि तरीही सगळे आपापल्या जागी उभे आहेत. एक जण पुढे होतो, वार करतो, थांबतो आणि मग दुसऱ्याची वेळ येते. अशी कुठे लढाई असते का? माझा भाचा हा प्रश्न फार कळकळीने विचारतो, कारण तो स्वतः जे गेम खेळतो त्यांत अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी माणूस मरतो. "मामा, ती समोर उभी आहे, मार की! वाट कसली बघतोयस?" असे तो गेल्या सुट्टीत किमान वीस वेळा म्हणाला असेल. त्याला दर वेळी अर्धवट उत्तर दिले. आज सविस्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे कोणीही थांबलेले नसते. या गेमचे नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ शिशाचे छोटे सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून जन्मला आणि पाळीपाळीने खेळण्याची रीतही तिथूनच आली. या नियमांत एक फेरी, म्हणजे सगळ्यांचा एकेक डाव, साधारण सहा सेकंदांची धरली जाते. त्या सहा सेकंदांत सगळेच धावत असतात, वार चुकवत असतात, मंत्र पुटपुटत असतात; आपल्याला मात्र ते एकापाठोपाठ एक दाखवले जाते. कीर्तनकार रणांगणाचे वर्णन करताना "इकडे काय झाले" म्हणून एक बाजू सांगतो आणि मग "तिकडे काय झाले" म्हणून दुसरी सांगतो, तेव्हा इकडची बाजू सांगून होईपर्यंत तिकडचे वीर हात बांधून उभे होते, असे कोणी समजत नाही. सांगणाऱ्याची जीभ एक असते, म्हणून क्रम लावावा लागतो. इथेही तसेच आहे.

तो क्रम ठरतो कसा? लढाई सुरू होताच प्रत्येकासाठी एक फासा पडतो, त्यात त्या पात्राची चपळाई मिळवली जाते, आणि येणाऱ्या आकड्याला इनिशिएटिव्ह म्हणतात. मूळ खेळात हा फासा वीस बाजूंचा असतो, पण लॅरियन या बेल्जियन कंपनीने आपल्या गेममध्ये तो चार बाजूंचा केला. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते फार विचारपूर्वक केलेला आहे. वीस बाजूंच्या फाशापुढे चपळाईचे तीन-चार गुण वाहून जातात. चार बाजूंच्या फाशापुढे तेच गुण निर्णायक ठरतात, त्यामुळे चपळ माणूस बहुतेक वेळा खरोखरच आधी हालतो. क्रम ठरला की पडद्याच्या वरच्या बाजूला सगळ्यांचे चेहरे ओळीने दिसतात. नवख्या खेळाडूचे लक्ष मैदानावर असते. मुरलेल्याची नजर आधी त्या ओळीवर जाते, कारण कोणाच्या आधी कोण, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

आता एका डावात काय करता येते ते पाहू. प्रत्येकाला ठरावीक चाल मिळते, जी माणसाच्या उंचीच्या पात्राला सहसा नऊ मीटर असते. एक अ‍ॅक्शन मिळते, जिच्यात वार, मंत्र किंवा धाव बसते. आणि एक बोनस अ‍ॅक्शन मिळते, जिच्यात धक्का देणे, उडी मारणे, औषध पिणे अशी छोटी कामे होतात. याखेरीज रिअ‍ॅक्शन नावाची एक गोष्ट असते आणि ती दुसऱ्याच्या डावात वापरायची असते. शत्रू थांबतो कसा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या रिअ‍ॅक्शनमध्येच आहे, कारण तो पूर्णपणे थांबलेला कधीच नसतो. माझ्या चौघांच्या तुकडीतला जादूगार गेल आणि त्याच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिलेला एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, एवढेच चित्र डोळ्यांसमोर आणा. डाव गेलचा आहे. त्याने जागेवरूनच अग्नीचा बाण सोडायचा ठरवला, तर शत्रू अंगाला भिडलेला असल्यामुळे नेम बिघडतो. तो चालत दूर जाऊ लागला, तर पाठ फिरताच गॉब्लिन आपली रिअ‍ॅक्शन वापरून त्याच्यावर फुकटचा वार करतो. वार न खाता सावधपणे मागे सरकायचे म्हटले, तर त्यातच अ‍ॅक्शन संपते आणि बाण सोडायचा राहून जातो. 'मिस्टी स्टेप' हा मंत्र त्याला येत असेल, तर बोनस अ‍ॅक्शनमध्ये अठरा मीटरपर्यंत कुठेही प्रकट होऊन तिथून बाण सोडता येतो, पण मग मोजक्या मंत्रशक्तीतला एक हिस्सा एका य:कश्चित गॉब्लिनपायी खर्च होतो. भाचा ज्याला 'वाट बघणे' म्हणतो, त्या वेळात माझ्या डोक्यात हे चालू असते.

यातूनच या लढाईचे मर्म लक्षात येते. इथे खरी संपत्ती रक्ताची किंवा शस्त्रांची नसून डावांची असते. आपण चौघे असू आणि समोर आठ जण असतील, तर प्रत्येक फेरीत आपण चार गोष्टी करतो आणि ते आठ करतात. हा हिशोब ज्याला बदलता येतो तो जिंकतो. मरणाच्या दारात असलेला शत्रूही पूर्ण ताकदीनेच वार करतो, म्हणून चार शत्रूंना अर्धे-अर्धे जखमी करण्यापेक्षा दोघांना संपवणे केव्हाही बरे, कारण त्यामुळे पुढच्या फेरीतले दोन वार नाहीसे होतात. मारणे जमत नसेल, तर झोपवावे, जखडून टाकावे, कड्यावरून ढकलावे, जमिनीवर तेल सांडून घसरवावे. यातल्या प्रत्येक उपायाने समोरच्याचा डाव हिरावला जातो. मी पहिल्या काही आठवड्यांत केवळ जास्तीत जास्त इजा करणारे मंत्र निवडत असे आणि सतत हरत असे. जखडणाऱ्या मंत्रांकडे वळलो तेव्हा कुठे खेळ हाताशी येऊ लागला.

भाच्याने ज्या लढाईत "मार की" म्हटले होते, तिच्याविषयीच सांगतो. ओसाड पडलेल्या एका गावाच्या खाली 'व्हिस्परिंग डेप्थ्स' नावाची गुहा आहे. तिच्या तळाशी खोल दरी आहे, दरीवर कोळ्याच्या जाळ्यांचे पूल ताणलेले आहेत आणि तिथे फेज स्पायडर मॅट्रिआर्क ही कोळ्याची प्रचंड मादी राहते. ती क्षणात एका जागेवरून नाहीशी होऊन दुसरीकडे प्रकट होते, लांबून विष थुंकते आणि तिच्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली की शत्रूचे डाव दर फेरीला वाढत जातात. पहिल्यांदा मी सरळ तिच्यावर धावून गेलो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत माझे चौघेही पडले. माझ्या तुकडीतल्या शॅडोहार्ट या पुजारिणीने सुरुवातीलाच 'ब्लेस' हा आशीर्वादाचा मंत्र म्हटला होता, ज्यामुळे तिघांच्या प्रत्येक वाराला चार बाजूंच्या फाशाची भर मिळते. पण हा मंत्र टिकवायला मन एकाग्र ठेवावे लागते. मंत्र म्हणणाऱ्याला इजा झाली, की पुन्हा फासा पडतो, आणि दहा किंवा झालेल्या इजेचा निम्मा आकडा, यांपैकी जो मोठा असेल तेवढे गुण मिळाले नाहीत तर मंत्र तुटतो. विषाचा पहिलाच फवारा शॅडोहार्टवर आला आणि आशीर्वाद गेला.

दुसऱ्या वेळी मी वरच्या ओळीकडे आधी पाहिले. मॅट्रिआर्कने आपल्या डावात जागा बदलली आणि ती एका पुलावर प्रकट झाली. तिच्यानंतर एका पिल्लाचा डाव होता आणि त्यानंतर गेलचा. भाचा खांद्यावरून ओरडत होता तो नेमका याच क्षणी. तिच्या अंगावर बाण मारला असता तर लागला असता किंवा चुकला असता आणि लागूनही तिच्या आयुष्याचा लहानसा तुकडा गेला असता. पण जाळे पेटते. मी गेलचा अग्नीचा बाण तिच्याऐवजी तिच्या पायाखालच्या पुलावर टाकला. पूल जळाला, ती दरीत कोसळली, पडण्याची इजा वेगळी झाली आणि ती जमिनीवर आडवी पडून राहिली. तुकडीतल्या लेझेल या लढवय्यीला मी आदल्या फेरीतच खाली उतरवून ठेवले होते आणि तिचा डाव मॅट्रिआर्कच्या पुढच्या डावाआधी येत होता. आडव्या पडलेल्या शत्रूवर जवळून वार करताना एकाऐवजी दोन फासे पडतात आणि त्यांतला मोठा धरला जातो. भाचा गप्प झाला.

पण मग माझ्या वडिलांनी उलट्या बाजूने हरकत घेतली. ते आयुष्यभर बुद्धिबळ खेळत आले आहेत, त्यामुळे पाळीपाळीने लढण्याचे त्यांना काहीच वावडे नाही. त्यांना फासा खटकतो. "विचार करून खेळायचं, तर नशीब कशाला मध्ये आणतोस?" असे ते म्हणाले. हा प्रश्न भाच्याच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. वार लागला की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. पडलेल्या आकड्यात आपले कौशल्य मिळवायचे आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी, किंवा जास्त झाली, तर वार लागतो. आपली भर पाच असेल आणि समोरच्याचा आर्मर क्लास पंधरा असेल, तर फाशावर दहा किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. आता शत्रू आडवा पडलेला असेल आणि दोन फासे मिळाले, तर दोन्ही चुकण्याची शक्यता जेमतेम २० टक्के उरते आणि वार लागण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या घरात जाते. उलट शत्रू अंगाला भिडलेला असताना धनुष्य ओढले, तर दोनांतला लहान फासा धरला जातो आणि ५५ चे ३० टक्के होतात. फासा तोच आहे, शत्रू तोच आहे. बदलले आहे ते फासा पडण्यापूर्वी आपण केलेले काम. बुद्धिबळात वजीर प्यादे मारायला गेला, तर प्यादे मरतेच, म्हणून तिथे पुढच्या चालींची साखळी बांधता येते. इथे साखळीचा प्रत्येक दुवा तुटू शकतो, म्हणून तुटला तर काय, याचीही तयारी ठेवावी लागते. वडिलांना हे पूर्ण पटले नाही, पण शेतीचा हिशोब असाच असतो एवढे त्यांनी मान्य केले.

डावांची ही एकच रीत आहे असेही नाही. १९८७ च्या पहिल्या 'फायनल फँटसी'त फेरीच्या सुरुवातीलाच चारही पात्रांना हुकूम देऊन टाकावे लागत आणि मग सगळे एकदम अमलात येत. दोघांना एकाच शत्रूवर सोडले आणि पहिल्यानेच त्याला संपवले, तर मूळ आवृत्तीत दुसऱ्याचा वार रिकाम्या जागेवर वाया जात असे. मला ती शिक्षा कठोर वाटते, तरी तिच्यात अंदाज बांधण्याची वेगळी मजा होती. १९९१ मध्ये याच मालिकेच्या चौथ्या भागात घड्याळ आले आणि विचार करत बसलात, तर शत्रू खरोखरच मारू लागला. खुद्द १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' हाही डावांचा गेम नव्हता. तिथे लढाई अखंड चालत असे, सहा सेकंदांच्या फेऱ्या पडद्यामागे मोजल्या जात आणि खेळाडू हवे तेव्हा लढाई थांबवून हुकूम देत असे. तिसऱ्या भागाने ते सोडून स्वच्छ डावांची पद्धत घेतली, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना वाईट वाटले. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. धावत्या गर्दीत मंत्र का चुकला, कोणी कोणाला अडवले, हे कळत नसे. डावांत प्रत्येक चुकीचा धनी स्पष्ट दिसतो.

या पद्धतीत दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. एकाच लढाईत वीस-पंचवीस जण उतरले, की आपला डाव येईपर्यंत पाच-सहा मिनिटे नुसते पाहत बसावे लागते आणि तेव्हा भाच्याची तक्रार अगदी रास्त असते. अशा वेळी एखादा चांगला खेळाडूही कंटाळून डाव उरकतो आणि पुढच्या फेरीत त्याची किंमत मोजतो.

गेल्या रविवारी भाचा स्वतःहून माझ्या खुर्चीत बसला आणि त्याने ती गुहा उघडली. बराच वेळ वरच्या चेहऱ्यांची ओळ पाहून तो म्हणाला, "आणि ती पुलावर आलीच नाही तर?" मी त्याला सांगितले, की मग त्या फेरीत गेलचा बाण एखाद्या पिल्लावर खर्च कर, शॅडोहार्टला तिच्या नजरेआड खडकामागे ने आणि लेझेलला दरीच्या काठापासून दोन हात मागे ठेव, म्हणजे तिला जवळ यायला पूल हाच सोयीचा रस्ता उरेल.